पास झालेली पेटी

गाओलाथे माझा शेजारी. त्याची बायको त्याला अंगणातल्या नळाखाली घासून धुतल्याशिवाय घरात घेत नाही, इतका रक्ताचा वास येतो. कत्तलखान्यात बैलाला विजेचा झटका देऊन बेशुद्ध करायचं, हे त्याचं काम. बैल लोखंडी पिंजऱ्यात येतो, मुंडकं अडकतं, झटका बसतो, ठरलेले सेकंद संपले की बाजूचं दार आपोआप उघडतं आणि बैल सुरीवाल्याच्या पायाशी कोसळतो. सुरीवाला म्हणजे गाओलाथेचा मेहुणा, केलेबेमांग.

थंडीत वाळवंटातल्या घांझीकडचे बैल केसाळ येतात, झटका नीट लागत नाही. पण दार चालवणाऱ्या पेटीतला प्रोग्रॅम नुसते सेकंद मोजतो. बैल पडलाय की उभा आहे, त्याला काय त्याचं! एकदा दार उघडलं आणि उभा बैल बाहेर आला. त्यानं केलेबेमांगला भिंतीवर चिरडलं, बरगड्या मोडल्या, मांडीत शिंग खुपसलं. गाओलाथेनं कुऱ्हाडीनं बैलाचं कपाळ फोडलं, आणि तसाच रक्तानं माखलेला मॅनेजरबाई म्मा सेथिबेच्या ऑफिसात घुसला.

"पेटीच्या कंपनीनं दुरुस्त प्रोग्रॅम पाठवलाय ना, बाई? घाला की मग!"

"अरे बाबा, परदेशी तपासनिसांनी पेटी पास केली ती जुन्या प्रोग्रॅमसकट. एक अक्षर बदललं तरी सगळी परीक्षा पुन्हा. तोवर मांस परदेशात जाणार नाही. सगळ्यांना घरी बसवू?"

"म्हणजे माणूस मारणारी पेटी पास, आणि वाचवणारी नापास?"

"नापास नाही रे. न तपासलेली."

"बरं झालं सांगितलंत. मेहुण्याच्या बरगड्यांना कळवतो." मग दारातून वळून, "आणि पेटी मोडली तर?"

"तर तशीच दुसरी. तिला परीक्षा नको."

आमचा शहाणा खूश! नवी पेटी म्हणजे दुरुस्त प्रोग्रॅम, असा त्याचा हिशेब. दुसऱ्याच दिवशी त्यानं मांस टांगायच्या हुकानं पेटीचा चेंदामेंदा केला. ठिणग्यांनी स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या. वर सांगितलं, बैलानं फोडली. पेटी शिडीवरच्या मचाणावर. बैल शिडी चढला असणार!

नवी पेटी आली. केलेबेमांग लंगडत कामावर परतला. पहिलाच केसाळ बैल, झटका बसला, सेकंद संपले, दार उघडलं, आणि बैल उभा! तशीच म्हणजे अगदी तशीच. जुना प्रोग्रॅम घालूनच पाठवलेली.

"दाजी!" केलेबेमांग किंचाळला.

गाओलाथेनं मचाणावरून उडी टाकली, मेहुण्याला ढकललं आणि धडक स्वतःच्या गुडघ्यावर घेतली. हाड कडकन वाजलं. खाली पडल्या पडल्याच त्यानं मेहुण्याची सुरी बैलाच्या नरड्यात घातली.

आता तो दाराला बाहेरून जाड लोखंडी पाइप अडकवतो. बैलाच्या उघड्या डोळ्याला बोट लावतो. पापणी हलली नाही, तरच पाइप काढतो.

परवा तपासनीस आले. पाइपाकडे बघून म्हणाले, "हा यंत्राचा भाग आहे का?"

"छे हो साहेब," गाओलाथे म्हणाला, "माझी काठी आहे ती." आणि ती टेकत टेकत त्यांच्यापुढून चालून गेला.