अठरा मिनिटांचं घराणं

आमच्या घराण्यात विलंबित ख्याल अठरा मिनिटं गातात आणि एकोणिसाव्या मिनिटाला द्रुत सुरू होतं, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. भोरच्या माझ्या गाण्याच्या वर्गात तर हा कायदाच होता. एकदा पुण्यातल्या एका कार्यशाळेत कुणीतरी विचारलं, "एवढी घाई का?" मी त्याला असं झापलं की बिचारा चहाच्या सुट्टीत निघून गेला. घराण्याची शिस्त तुम्हाला काय कळणार, असं मी म्हणाले होते. आज तो माणूस भेटला तर मी त्याची माफी मागेन. त्याचं म्हणणं खरं होतं.

माझे गुरू राजगडाच्या पायथ्याला, पालीत राहतात. सगळे त्यांना बुवा म्हणतात. तरुणपणी पुण्यात राहून ख्याल शिकले, मग गावी परतून भातशेती केली आणि संध्याकाळी गायले. ऐंशी ओलांडली तरी आवाज शाबूत आहे. मी आणि पुण्यातला माझा भागीदार मिळून शास्त्रीय संगीताची एक छोटी ध्वनिमुद्रण कंपनी चालवतो. बुवांचं गाणं मुद्रित करायचं, हे मी पाच वर्षं त्यांच्यामागे लागून ठरवून घेतलं. त्यांनी तरुणपणी एकच एलपी, म्हणजे मोठी तबकडी, केली होती आणि नंतर माईकसमोर बसायला कायम नकार दिला होता. कारण कधी सांगितलं नाही.

पानशेतला एका ओळखीच्या माणसाचा बंगला आहे. शनिवार-रविवारी तिथे पुण्याची गर्दी आणि भज्यांचा वास, मधल्या वारी मात्र चिटपाखरू नसतं. मुद्रणासाठी आम्ही मंगळवार धरला. माईक लावणाऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात समजावत होते, "अठरा मिनिटं विलंबित, चार मिनिटं द्रुत. आमच्या घराण्याचं वळणच तसं आहे."

बुवा तानपुरा लावत होते. ते हसायला लागले ते थांबेचनात.

"कसलं घराण्याचं वळण गं पोरी? ती तबकडीची बाजू हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्या एलपीच्या एका बाजूत बावीस मिनिटं मावायची. स्टुडिओच्या काचेपलीकडे तबकडीच्या कंपनीचा माणूस बसलेला. अठरावं मिनिट आलं की तो एक बोट वर करायचा, म्हणजे विलंबित आवरा. "राग आत्ता कुठं डोळं उघडत हुता, आन त्यो बोट दाखवतोय. म्या गुंडाळलं. तवापासनं गायला बसलो का मला ते बोट दिसतंच. लई कोशिस केली, जात न्हाई."

मला हसूही आलं नाही. संताप आला. माझी वीस वर्षं, माझ्या विद्यार्थ्यांचे गळे आणि त्या कार्यशाळेतल्या माणसाचा अपमान, हे सगळं कुठल्याशा काचेमागच्या बोटावर उभं होतं. आम्ही तबकडीच्या लांबीची पूजा करत होतो आणि तिला परंपरा म्हणत होतो.

त्या दिवशी बुवांनी मुलतानी राग घेतला आणि बरोबर अठरा मिनिटांनी द्रुत धरलं. समोर कुणीच बोट दाखवलं नव्हतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात ठेवलं. बुवांनी खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. तबल्याच्या साथीदाराला तर हातांशिवाय भागणार नव्हतं. उरले मी आणि माईकवाला. "तुमी दोघं हात मांडीखाली घ्या," बुवा म्हणाले. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे हातांवर बसलो. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. बुवा तोच मुलतानी एकाहत्तर मिनिटं गायले. सुरुवातीची दोन मिनिटं नुसता तानपुरा, मग मंद्रातला षड्ज, आणि मग त्यांना कुणीच अडवलं नाही.

भागीदाराने ते ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "एलपी काढू. चार बाजू, दोन तबकड्या."

त्याचंही चूक नव्हतं. एलपीला पुन्हा चांगले दिवस आलेत. मोठं कव्हर, हातात धरायला वस्तू, शौकीन लोक हौसेनं घेतात, काही तर चौकट करून भिंतीवर लावतात. मी म्हटलं, मग भिंतीलाच ऐकव. एकाहत्तर मिनिटांचे चार तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आवाज हळूहळू विझवायचा, ऐकणाऱ्याने उठून तबकडी उलटायची आणि पुन्हा डोळे मिटायचे. भात शिजताना चारदा झाकण काढून बघण्यातला प्रकार. शिवाय सुई मध्याकडे सरकते तशी आवाजाची धार कमी होते, आणि दोन मिनिटांच्या नुसत्या तानपुऱ्यात धुळीची चरचर ऐकू येते ती वेगळीच. त्याने सुपर ऑडिओ सीडीचं नाव काढलं. आवाज उत्तम, पण ती तशी ऐकायला खास यंत्र लागतं, आणि भोर-वेल्ह्यात तसं यंत्र मी कुणाकडे पाहिलेलं नाही. मग फक्त मोबाईलवर टाकू म्हणाला. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांत रेंजसाठी खडकावर चढावं लागतं, आणि रेंज मिळालीच तर मुलतानीच्या मध्येच साबणाची जाहिरात लागते.

"साधी सीडी," मी म्हटलं. "एक तबकडी, जवळजवळ ऐंशी मिनिटं, मध्ये कुणी उठायचं नाही."

"सीडी मेली. दुकानात कुणी ठेवत नाही, नव्या गाड्यांत ती घालायची खाच नसते."

"मेली तर मेली. बुवांना पुन्हा कुणी बोट दाखवणार नाही. आणि तू तेच करायला निघालायस."

तो चिडला. म्हणाला, "आणि ते नव्वद मिनिटं गायले असते तर? तेव्हा तूच बोट दाखवलं असतंस." कदाचित दाखवलंही असतं. पण ते एकाहत्तर मिनिटं गायले होते, आणि ती एकाहत्तर सलग निघणार होती, नाहीतर कंपनीवर माझं नाव राहणार नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. नवव्या दिवशी त्याने कव्हरचा नमुना पाठवला, छोट्या चौकोनी आकाराचा, सीडीच्या मापाचा.

पहिली प्रत घेऊन मी पालीला गेले. बुवांकडे सीडी वाजवायचं यंत्र नाही. चालू स्थितीतलं एकच होतं, त्यांच्या पुतण्याच्या दुधाच्या टेम्पोत. जांभळीखाली टेम्पो उभा केला, बुवा पुढच्या सीटवर, मी शेजारी, मागे रिकाम्या किटल्या. अठरावं मिनिट जवळ आलं तसा बुवांचा गुडघ्यावरचा हात आखडला. मानही आत गेली. टेम्पोतला त्यांचा आवाज मात्र सावकाश खाली उतरला आणि पुढे चालत राहिला. एकोणिसावं मिनिट गेलं. विसावं गेलं.

"न्हाई दाखवलं कुनी," बुवा स्वतःशीच म्हणाले. मग रडले, ते मी पाहिलं.

संपल्यावर त्यांनी मला घरात बोलावलं आणि तानपुरा माझ्या मांडीवर दिला. "आता तू. मुलतानीच."

मी गायले. कुठलंही घड्याळ समोर नव्हतं, तरी एका जागी माझा गळा आपोआप द्रुताकडे धावला. मला कळलं, ते कुठलं मिनिट होतं. मी घाबरून बुवांकडे पाहिलं.

बुवांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले.