बोरिंग हेडला वाहिलेलं कुंकू

बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढला, पण मला मशीनच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. "तू अभ्यास कर, हात काळे करायला मी आहे." म्हणून मी टोरोंटोत बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. पन्नाशी आली तेव्हा इथल्या स्कारबरो उपनगरातल्या घरात, बेसमेंटमध्ये, एक छोटं मिलिंग मशीन आणून बसवलं. हौसेला मोल नाही, असं बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या हातचं एक काम बघून बाबांनी एकदा "चालेल" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. 'चालेल'च्या वरचं कौतुक त्यांच्याकडे नाही.

काम निवडलं बोरिंग हेडचं. ड्रिलने पडतं ते ड्रिलच्या मापाचं भोक. बोरिंग हेडमधली स्लाइड स्क्रूने केसभर सरकवली की फिरणारं टूल किंचित मोठं वर्तुळ कापतं, आणि भोक आपल्याला हव्या त्या मापाचं होतं. एवढ्याशा स्क्रूत एवढी करामत! सगळा उन्हाळा मी ड्रॉइंग काढली, खोडली, स्लाइड घासली. ती खाचेत आतबाहेर सरकवून बघायचा मला नादच लागला.

खंडेनवमीला हेड पुरं झालं. बाबा पुण्याहून व्हिडिओवर होते. "आज नुसती पूजा. चालवायचं उद्या, दसऱ्याला." मी सढळ हाताने हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. वरून बायको ओरडली, "अरे, स्मोक अलार्म वाजेल! एक्झॉस्ट ऑन कर आधी!"

दसऱ्याला बाबांना फोनवर समोर बसवून बेअरिंगसाठी भोक कापायला घेतलं. स्क्रू फिरवला, टूल हलेना. आणखी फिरवला, तर एकदम पुढे गेलं. भोक मापापेक्षा मोठं झालं, बेअरिंग त्यातून आरपार पडलं आणि टेबलाखाली घरंगळलं. फोनवर बाबांनी सगळं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवस मापं तपासली. स्क्रूचे आटे, स्लाइडचा कोन, सगळं बरोबर! मग चुकतंय कुठे? ऑफिसच्या मीटिंगमध्येही डोक्यात तेच. शेवटी स्लाइड पूर्ण बाहेर काढली. खाचेत तेल आणि कुंकवाचा लाल चिखल घट्ट बसला होता.

बाबांना दाखवला, तर ते हसायलाच लागले. "अरे, दसऱ्याची सुट्टी संपली की आमचा पहिला तास रॉकेलने मशीन पुसण्यात जायचा. पुसल्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही. एवढंही माहीत नाही तुला?"

"कुठून असणार? घरी पूजेचे पेढे तेवढे यायचे. पुसतात कसं, ते बघायला तुम्ही मला कधी नेलंतच नाही, बाबा."

बाबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"फोन खाली धर," ते म्हणाले. "खाचेजवळ. हं, आता पूस. मी बघतो."