क्रोटनवरचा तुडतुडा

गोंदियातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गॅलरीत माझं एक लाडकं क्रोटन होतं. एके सकाळी त्याच्या पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला. मला वाटलं, गादीतला उडाला असेल. बोट लावलं तर कापूस चालायला लागला. मी बोट साबणाने चार वेळा धुतलं.

"तुडतुडा आहे," सासरे चष्मा न लावताच म्हणाले. जन्मभर गावी, केशोरीला, धान पिकवल्यामुळे जगातली कुठलीही कीड त्यांना धानावरचीच वाटायची. सासूबाई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत. त्या वर्षी बांधावरून पडून गुडघा सुजवून घेतला, म्हणून नवऱ्याने त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. ते मात्र रोज निघायच्या गोष्टी करत. त्या रिकाम्या घरात ते पुन्हा पडले तर, या विचाराने मला जेवण जात नसे.

"ही कीड संपली का मी चाललो," त्यांनी जाहीर केलं.

आणि उपचार सुरू झाले. धानावर तुडतुडे आले की बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी काढून टाकतात, म्हणून त्यांनी कुंडीचं पाणी तोडलं. मी चोरून तांब्या नेला की मागून आवाज यायचा, "काऊन पानी टाकून राहिली, बाई? बांधी सुकू दे." मग शेतात पाखरांना बसायला काठ्या रोवतात, तशी त्यांनी माझी शाळेची लाकडी फूटपट्टी मोडून कुंडीत रोवली. "पाखरू बसते न किडे खाते." एक चिमणी खरंच बसली. किड्यांकडे ढुंकूनही न पाहता ती मातीत शिटली आणि उडाली.

"खत तं देऊन गेली," सासरे समाधानाने म्हणाले.

नर्सरीवाल्याने मला केव्हाच सांगितलं होतं, "मिलीबग है मॅडम. रुई में स्पिरिट लगाके पोंछ दो." स्पिरिटची बाटली आठ दिवस कपाटात होती. मी ती उघडत नव्हते. क्रोटनच्या जिवावर मी सासऱ्यांना ठेवून घेत होते आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. पण पानं गळू लागली. पाचच उरली, तेव्हा एका दुपारी ते झोपलेले असताना मी एकेक पान, एकेक बेचकं पुसून काढलं. पुसता पुसता रडू आलं. नवऱ्याला सांगितलं, स्पिरिट झोंबलं.

दुसऱ्या सकाळी गॅलरीतून हाक आली. सासरे शेजारच्या मनीप्लांटपाशी स्टूल घेऊन बसले होते.

"पाह्य बाई, कीड इकडं सरकली."

पानावर पाच-सहा पांढरे ठिपके होते. मी बोट लावलं. ओला चुना. तंबाखूची डबी त्यांच्या मांडीवर उघडीच होती, अंगठा पांढरा झाला होता आणि ते माझ्याकडे न पाहता रस्त्याकडे पाहत होते.

"भलती चिवट दिसते, बाबा," मी म्हणाले. "होळीपर्यंत तरी जायची नाही."

"मंग राहा लागन," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले.