माळांचा लोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी टपरीवरचा चहासुद्धा लपवत नाही.

शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत मी मालाची तपासणी करतो. केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवतो. चुकीच्या मापाखाली सही करणं मला जमत नाही. मग हे कसं जमलं?

पन्नाशीत मी दूरशिक्षणानं एम.ए.ला नाव घातलं. विषय — शांतता आणि समेट. रविवारी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरली की बायको म्हणायची, "अहो, आधी घरात शांतता ठेवा, मग जगाची बघा."

शेवटच्या प्रकल्पाला एक खरा वाद हवा होता. मी आमच्याच गावचा घेतला, करमाडच्या पुढचा. माझ्या तरुणपणी बौद्धवाड्याची जयंतीची मिरवणूक पहिल्यांदाच आमच्या गल्लीतून निघाली. वाटेवरच्या दिव्यांच्या माळा गौतमनं तारेवर आकडा टाकून लावल्या होत्या. मिरवणूक गल्लीत शिरली आणि दिवे गेले. ढकलाढकलीत त्याचे वडील ट्रॉलीवरून पडले. कंबर मोडली, अजून काठीवर चालतात. गाव म्हणालं, आकड्याचा लोड झाला, फ्यूज उडाला.

गौतम माझ्या वर्गातला. प्रकल्पासाठी त्याच्या घरी गेलो.

"माझ्याच आकड्यानं बाप पाडला," तो म्हणाला. "आबा एका शब्दानं बोलले नाय कधी. त्येच लई लागतं बघ."

घरात आम्ही दोघंच होतो. समोर चहा होता. मला कुणाची भीती होती? मी त्याचं बोलणं लिहून घेतलं — 'स्वतःची जबाबदारी मान्य करणे' या मथळ्याखाली.

तुम्ही म्हणाल, यात तुझं काय चुकलं? त्या माळांचा लोड मी आजही काढून दाखवीन. त्यानं फ्यूज उडणं शक्यच नव्हतं.

तो उडाला नव्हता. चुलत्यांनी पारावरून नुसती मान हलवली, आणि मी डीपीच्या पेटीतून तो काढला. चुलत्यांचं नाव घेऊन काही हलकं होत नाही — हात माझा होता. आबांना उचलायला धावलेल्यांत मीही होतो. त्यांचे पाय मी धरले होते. फ्यूज माझ्या खिशात होता.

प्रकल्पाला उत्तम गुण मिळाले. गौतमनं एक प्रत मागून नेली, आबांना वाचून दाखवायला. आठवड्यानं त्याचा फोन आला.

"आबा रडले रे. म्हणले, 'पोरा, तुला मी तवाच माफ केलं व्हतं.' तुझ्यामुळं झालं हे, भावा."

मी म्हणालो, "बरं झालं."

एवढंच म्हणालो.