मंदाताईंचं एन्टर

मंदाताई गेल्या, आणि मला आज एका सॉफ्टवेअरला शिव्या घालायच्या आहेत.

श्रद्धांजलीत शोभत नाही? नसू दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबईत, रबाळ्याच्या कंपनीत मंदाताई टायपिस्ट, मी नवा कम्प्युटरवाला.

ज्या गावाच्या शेतांवर कंपनी उभी राहिली, त्याच गावच्या त्या. जमिनीच्या बदल्यात लागलेली नोकरी. साहेब ते विसरू द्यायचा नाही.

टाइपरायटरवर शिकलेली बाई. इन्स्टिट्यूटमध्ये मान वर केली की सर बोटांवर पट्टी मारायचे. त्यामुळे कम्प्युटर आला तरी नजर डावीकडच्या कागदावरच. स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत.

काम संपलं की फाइल बंद करायची, मशीन 'सेव्ह करू?' विचारायचं, आणि न बघताच एन्टर. झालं सेव्ह. चार वर्षांत एकदाही चूक नाही.

मग मी नवीन व्हर्जन टाकलं.

"दिपक, काय बदललाय का रं यात?"

"काही नाही ताई. फक्त रंग."

मला खरंच माहीत नव्हतं. कुठल्या तरी शहाण्याने एसीत बसून ठरवलं होतं, की आता एन्टर म्हणजे 'सेव्ह करू नका'.

का पण? कोणी मागितलं होतं? चांगलं चाललेलं बघवत नाही का तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंडरची अठ्ठावीस पानं गायब. दुपारी वाशीला द्यायचं होतं. राहिलं.

साहेब सगळ्यांसमोर ओरडला, "कोट्यातून भरती केली की हेच होणार!"

ताई उभ्याच. "मी रोजचाच बटन दाबला, सायब."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. "मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे?"

तोपर्यंत मी तपासलं होतं. मला सगळं कळलं होतं.

"मशीन ओके आहे, सर."

प्रोबेशनवर होतो. फाटली माझी.

ताईंना डिस्पॅचला टाकलं. रिटायर होईपर्यंत पाकिटांवर हाताने पत्ते लिहीत होत्या. मी दिसलो की विचारायच्या, "जेवलास का रं?"

अजूनही अपडेटनंतर एखादं बटण हललेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, एवढ्याशासाठी?

हो. एवढ्याशासाठीच.

आज स्मशानात ऑफिसचे जुने लोक म्हणत होते, "चांगली बाई, पण कम्प्युटर काही जमला नाही तिला."

जमत होता. आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला जमत होता.

मंदाताई, चूक तुमची नव्हती. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

शेवटचा नमस्कार, ताई. माफी मागायचं तोंड नाही.