ऐनावरचं वाळकं घरटं

शेकरांची मोजणी करायला वनखात्याची माणसं भीमाशंकरच्या रानात आली, की आधी ठकूबाई केंगलेच्या ओट्यावर टेकायची. कारण उघड होतं. एक शेकरू एका हंगामात पाच-सहा घरटी बांधतं आणि राहतं त्यातल्या एखाद्यात, बाकीची अडीनडीला. सरसकट सगळी मोजली तर वाडीत माणसं नाहीत एवढी शेकरं कागदावर भरायची! कुठलं घरटं भरलेलं आणि कुठलं ओस, ते ठकूबाई झाडाखाली उभी राहून सांगायची. काटक्यांत हिरवा पाला खोचलेला दिसला, की मादी आत. पाला वाळून तांबडा पडला, की रिकामं.

"आवं, बाळंतिणीच्या खाली वाळका पाला कोन घालतंय?" ती गार्डला विचारायची, आणि तो बिचारा वहीत लिहून घ्यायचा.

तिचं सांगणं कधी चुकलं नव्हतं आणि त्याचा तिला ताठा होता. का नसावा? नवरा हिरडा पाडताना झाडावरून पडून गेला, त्याला वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून तिनं झाडाला पाय लावला नाही. पण दोन खाचरांचं भात एकटीनं पिकवलं, लेक उजवली, कुणापुढं हात पसरला नाही. साठीला आली तरी पहाटे उठून देवराईच्या कडेनं एक फेरी मारायची आणि शेकरांची ख्यालीखुशाली बघून मगच चूल पेटवायची.

त्या साली माघ सरत आला आणि राब तोडायची वेळ झाली. पाला-फांद्या पसरून जमीन भाजली नाही तर भाताचं रोप जोम धरत नाही, आणि रोपच नाही तर वर्षभर खायचं काय? अभयारण्यात कोयता लावायची सोय नाही. ठकूबाईच्या मालकीचं बांधावर ऐनाचं एकच झाड होतं. त्याची एक दांडगी फांदी पलीकडं देवराईतल्या जांभळात शिरली होती आणि त्याच फांदीवर शेकराचं घरटं होतं. शेकरू ये-जा करायचं ते त्याच वाटेनं. खाली उतरायचं म्हणजे कुत्र्याच्या तोंडी जायचं, हे त्याला आपल्यापेक्षा बरं कळतं.

तिचा दीर दुंदा कोयता घेऊन ऐनावर चढला आणि वरून ओरडला, "वैनी, तुमच्या पाव्हनीचं घर हाये हितं. काय करू? दार वाजवू का कोयता घालू?"

ठकूबाईनं मान वर केली. पाला पार तांबडा. ताजं घरटं तर जांभळावर तिला कालच दिसलं होतं. "रिकामं हाये. घाला."

"बघा हां, मागनं माझ्या नावानं बोटं मोडाल."

"सरकार माझं ऐकतंय, तुमाला काय धाड भरलीय? घाला म्हनलं ना!"

फांदी कडाडून खाली आली. घरटं फुटलं आणि आतून दोन पिलं बाहेर पडली. एक फांदीखाली सापडून जागीच गेलं. दुसरं पाल्यात चिरकत होतं, डोळे नुकते उघडलेलं, ओंजळीत मावेल एवढं.

ठकूबाईनं ते ओंजळीत उचललं. परवाच मोरघार जांभळावर घिरट्या घालताना तिनं पाहिली होती, शेणी थापता थापता. भ्यालेल्या आईनं पिलं उचलून जुन्या घरट्यात आणली असणार. एवढी साधी गोष्ट! पण ताठ्यापायी ती तिला सुचलीच नाही.

तेवढ्यात मादी जांभळावर आली आणि कडकड आवाज करत फांद्यांवरून नाचू लागली. टोकापर्यंत यायची, पुढं वाट नाही म्हणून थबकायची. एकदा खोडावरून पार खालपर्यंत उतरली, तर दुंदाचं कुत्रं भुंकत धावलं आणि ती सरसर वर गेली.

"वैनी, दोनी पुरून टाका आन गप ऱ्हावा," दुंदा घाबरून म्हणाला. "कुनी बघितलं तर आपन दोघंबी आत."

"जित्याला पुरू?"

"मग आना हिकडं. मी चढतो जांभळावर."

"न्हाई. ‘घाला’ मीच म्हनले. मीच चढनार. तुमी तेवढं कुत्रं घेऊन घरी जावा."

"वैनी, पडाल!"

"पडले तर पडले!"

दुंदा कुत्र्याला ओढत गेला. मेलेलं पिलू तिनं ऐनाच्या बुडाशी पुरलं, वर दगड ठेवला. जितं पदरात बांधून छातीशी घेतलं, कासोटा घट्ट खोवला आणि जांभळापाशी जाऊन वीस वर्षांनी झाडाला पाय लावला. निम्म्यावर गेल्यावर धनी कसा पडला होता ते डोळ्यांपुढं आलं, तशी ती खोडाला मिठी मारून थांबली. पदरातली एवढीशी छाती धडधडत होती. ती पुन्हा चढू लागली. तिसऱ्या बेचक्यात हिरवा पाला अंथरून तिनं पिलू ठेवलं आणि हात-गुडघे सोलून घेत खाली उतरली.

मग ती बांधाआड बसली. माणसाचा वास लागलेलं पिलू आई घेते की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं पिलाला हातच कधी लावला नव्हता. ऊन चढलं. पिलाचं चिरकणं बारीक होत गेलं. ठकूबाईनं भीमाशंकराला हात जोडले, आणि मादी वरून उतरली. हुंगलं, पोटाखालून तोंडात धरलं, पिलानं तिच्या मानेला वेढा घातला, आणि एका झेपेत दोघं देवराईत दिसेनाशी झाली.

"घेतलं गं माय!" ठकूबाई मोठ्यानं म्हणाली आणि घळाघळा रडली. तोंड पुसून ती घरी जायला उठली.

वर पाला हलला. शेकरू परत आलं होतं. तोंड रिकामं. ते त्याच बेचक्यात शिरलं आणि दुसऱ्या पिलाला शोधू लागलं. एकेक पान उलटलं. फांदीच्या टोकाला जाऊन बोडक्या ऐनाकडं बघत हाक घातली, कान टवकारले, पुन्हा मागं फिरलं.

"न्हाई गं बाई," ठकूबाई झाडाखाली येऊन म्हणाली. "दुसरं न्हाई आता. मी मारलं त्याला. त्या एकाकडं जा, भुकेलं आसंल."

शेकरू गेलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन पाला उचकटू लागलं.