आपली वाटी म्हणजे किती ग्रॅम?

लोकांच्या स्वयंपाकघरात रिकामे डबे साठतात, माझ्या स्वयंपाकघरात किस्से. दर रविवारी कसबा पेठेतल्या माझ्या घरी मी बेकिंगचा क्लास घेते. ओट्यावर एक वजनकाटा आणि त्याच्याभोवती चार-पाच डोकी. "एक कप म्हणजे किती ग्रॅम?" एवढं नुसतं विचारा, पुढचा तास गेलाच समजा!

*

पहिल्याच दिवशी मी कपभर मैदा मोजायला सांगितला. लेले काकू म्हणजे शाळेतल्या निवृत्त मराठीच्या बाई. त्यांनी कप पिठात खुपसला, वरून दाबला. दीडशे ग्रॅम! निखिलनं चमच्याचमच्यानं अलगद भरला. एकशेवीस! कप तोच, मैदाही तोच. काकू काट्याकडे संशयानं बघत म्हणाल्या, "याचे सेल बदला आधी."

हा निखिल मूळचा यवतमाळचा, हडपसरला आयटीत. केकशी त्याला काही देणंघेणं नाही. आईचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून यंदा दिवाळीचे बेसनाचे लाडू करून घरी न्यायचं काम त्याच्याकडे आलेलं. बाबांची अट एकच, चव आईचीच हवी. बिचारा घाबरून क्लासला आला होता.

*

काकूंचा केक एकदा अगदीच अगोड झाला. "साखर कमी घातलीत का?" मी विचारलं.

"मुळीच नाही! जेवढे कप मैदा, तेवढेच कप साखर."

खोदून विचारलं तेव्हा कळलं, मैदा घरच्या कपानं मोजला आणि साखर पाहुण्यांच्या कपानं.

"मग काय झालं?" निखिलला कळेना.

"अरे, पाहुण्यांचा कप लहानच असतो ना!"

*

काकूंनी मग घरी काटा आणला आणि येईल ते त्यावर ठेवायला लागल्या. एक लिटर तेल भरलं नऊशे दहा ग्रॅम. तडक वाण्याकडे! तो म्हणाला, "काकू, पाण्याचं लिटर किलोभर भरतं, तेल त्याहून हलकं. दोन्ही आकडे पिशवीवर छापलेत, वाचा की."

"वाचलं म्हणून तर भांडायला आले!"

पण खरं सांगते, त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांनाच नाद लागला. मध, रवा, पोहे, जे दिसेल ते वाटीत भरायचं आणि काट्यावर ठेवायचं. मजा यायची.

*

निखिलचे पहिले लाडू ताटात बसले, दुसरे हातात फुटले. दिवाळी तोंडावर आली. त्यानं क्लासमधूनच आईला फोन लावला, स्पीकरवर.

"तूप किती टाकू?"

"एक वाटी."

"पातळ का थिजलेलं?"

"जसं असन तसं!"

काकूंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "कोणती वाटी, ते विचार."

"आपलीच," आई म्हणाली. "तुह्या बारशाची. नाव कोरलेली."

मला एकदम सुचलं. वाटीत काठोकाठ मावणाऱ्या पाण्याचं वजन करायचं. जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलिलिटरची वाटी. मग बेसन, तूप, साखर, सगळ्याचे ग्रॅम इथे काढता येतील. निखिल खुशीत म्हणाला, "आई, बाबाले ते वाटी घेऊन दुकानात पाठव. पाणी मोजून आणू दे."

"ते वाटी इथं कुठी हाये? तू कॉलेजले पुण्याले गेला, तवा तुह्या सामानातच तं देली होती."

निखिलनं जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "हो... हाये. दाढीचा ब्रश ठेवतो तिच्यात."

पलीकडे आई खळखळून हसली.

"मंग इतके वर्षं तू मोजत कायनं होती?"

"हातानं. हाताले माहीत हाये ना तुही वाटी."